सामानगडाचे बंद दरवाजे : १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव

(गिरगावातील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानासाठी वक्ता बहुधा थोरांची चरित्रे निवडतो. मी आज असा विषय घेतला आहे, ज्याचे बहुतेक नायक निनावी आहेत. १८४४ साली कोल्हापूर आणि सावंतवाडी या दोन संस्थानांत किल्ल्यांवरच्या वंशपरंपरेच्या शिबंदीने, म्हणजे गडकऱ्यांनी, कंपनी सरकारच्या कारभाराविरुद्ध शस्त्र उचलले. सात महिने सह्याद्रीचा तो पट्टा पेटलेला होता. शाळेच्या पुस्तकात या उठावाच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही उमाजी नाईकांचे बंड आणि सत्तावनचा संग्राम यांच्या मध्ये कुठेतरी.

हा विषय गिरगावात मांडावा, असे मला आग्रहाने वाटले. या उठावावर ज्या फौजा चालून गेल्या, त्यांची राजधानी मुंबई, म्हणजे हे शहर होते. हुकूम इथून सुटत होते. आणि ज्या मुलखावर त्या फौजा गेल्या, त्या मुलखातली माणसे पुढे याच शहरात पोटासाठी आली. गिरगावच्या चाळींत, लालबाग-परळच्या खोल्यांत, गावकऱ्यांच्या मंडळांच्या गाळ्यांत राहिली. हुकूम देणारे ठिकाण आणि तो सोसणाऱ्यांची पुढची पिढी अशी दोन्ही आपल्याकडे आहेत. त्यामुळे या उठावाचा हिशेब मांडण्याचे काम आपले आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. दूरचा मुलूख राज्याविरुद्ध उठतो, तेव्हा त्याच्या मागे बहुधा एक मोडलेला शब्द असतो, आणि त्या शब्दाची आठवण करून द्यायला राजधानीत कोणी नसते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बंदूक बाहेर निघते. मग राज्य बंदुकीचा बंदोबस्त करते आणि शब्दाचा विषय तिथेच राहतो. १८४४ मध्ये नेमके हेच झाले.

प्रथम गडकरी कोण, ते पाहू. शिवकालीन व्यवस्थेत किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये, हा त्यामागचा विचार. त्यांच्याखाली नाईक आणि शिपाई. गडाच्या घेऱ्यात मेटे आणि चौक्या. तिथे मराठा, महार, रामोशी, बेरड, कोळी अशा अनेक जातींची माणसे आपापल्या ठरलेल्या जागी पहारा देत. यांचा पगार बव्हंशी जमिनीच्या रूपाने असे. गडाखालच्या ठरावीक जमिनी त्यांच्याकडे चालत, त्या बदल्यात घराण्याने गड राखायचा. बाप गेला की मुलगा त्या जागी उभा राही. आज्ञापत्र हा ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, ते रामचंद्रपंत अमात्य कोल्हापूर गादीचेच. त्यांनी १७१६ च्या सुमारास गडकोटांना राज्याचे सार मानले, आणि गडावरच्या माणसांच्या पोटाची व्यवस्था कशी लावावी याचाही विचार केला. गड आणि गडकरी हे त्या राज्याच्या दृष्टीने वेगळे नव्हते. गड आपली आई आहे आणि तीच आपल्याला खाऊ घालते, अशी गडकऱ्यांची भावना असल्याचे खुद्द इंग्रज इतिहासकार ग्रँट डफनेही नोंदवले आहे.

म्हणजे गडकऱ्याचे राज्याशी असलेले नाते नोकराचे कमी आणि भागीदाराचे जास्त होते. त्याची जमीन ही त्याची मजुरी होती, तसाच तो त्याचा मानही होता. वर्षाकाठी पगार देऊन ठेवलेला शिपाई आणि तीन-चार पिढ्या एकाच दरवाजावर उभे राहिलेले घराणे यांच्यात हाच फरक आहे. पगारी शिपायाला काढले तर तो दुसरीकडे जातो. गडकऱ्याला काढले तर त्याला जायला दुसरी जागाच नसते.

आता नव्या राज्याकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८४४ मध्ये त्या घटनेला जेमतेम २६ वर्षे झाली होती. पेशव्यांचे राज्य पाहिलेली, त्या राज्यात लढलेली माणसे अजून गावोगावी हयात होती. इंग्रजांची सत्ता तेव्हा कोवळी होती, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर तर ती कागदापुरतीच पोचली होती. कोल्हापूरशी १८२६ ते १८२९ या काळात एकामागून एक तीन तह झाले आणि प्रत्येक तहागणिक दरबाराचा हात आखडत गेला. १८३८ मध्ये शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले. गादीवर आले त्यांचे अल्पवयीन पुत्र शिवाजी ऊर्फ बाबासाहेब. कारभार राजघराण्यातील स्त्रियांच्या हाती गेला, दरबारात तट पडले, आणि अखेर इंग्रज पोलिटिकल एजंटच्या संमतीने दाजी कृष्ण पंडित हे कारभारी नेमले गेले. त्याच १८३८ साली सावंतवाडीतही तसेच घडले. खेम सावंत ऊर्फ बापूसाहेब यांना कारभार झेपत नाही असे ठरवून इंग्रजांनी तो आपल्याकडे घेतला आणि संस्थानावर पोलिटिकल सुपरिंटेंडंट बसवला.

एकाच वर्षी दोन शेजारी संस्थानांत गादी आणि सत्ता यांची फारकत झाली. गादीवर आपला राजा, सही मात्र दुसऱ्याची. उठाव समजून घ्यायचा तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी.

दाजी पंडितांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. संस्थानावर कर्ज होते, हिशेब विस्कळीत होता, आणि किल्ल्यांच्या जमिनींचा वसूल गडावरचेच अधिकारी परस्पर पाहत असल्यामुळे खजिन्याला त्याचा थांग लागत नव्हता. आधुनिक कारभाराच्या दृष्टीने उपाय सरळ होता. गडकऱ्यांच्या जमिनींची वेगळी व्यवस्था मोडायची आणि त्या जमिनी मामलेदाराच्या देखरेखीखाली आणायच्या. कागदावर ही एक प्रशासकीय दुरुस्ती होती. गडावर तिचा अर्थ वेगळा लागला. आजवर ज्या शेताचा दाणा थेट आपल्या घरी येत होता, त्याच्यासाठी आता मामलेदाराच्या कचेरीत उभे राहायचे. आज वसुली हातची गेली, उद्या जमीन जाईल, परवा गड. हे अनुमान भाबडे नव्हते. कंपनीच्या मुलखात १८१८ नंतर किती किल्ल्यांच्या वाटा तोडल्या गेल्या, किती शिबंद्या मोडल्या गेल्या, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

आणि मुख्य म्हणजे हा निर्णय घेताना त्यांना कोणी विचारले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा करार एका बाजूने रद्द झाला.

१८४४ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, गडहिंग्लजजवळच्या सामानगडाने दरवाजे लावून घेतले. ज्यांनी हा गड पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की तो फार उंच नाही. राजगड-तोरण्यासारखा दरारा त्याला नाही. पण त्याच्या पोटात खोल खोदलेल्या, कमानींनी एकमेकींना जोडलेल्या विहिरी आहेत, आणि पाणी असलेला गड धीर धरू शकतो. प्रतापराव गुजरांची स्मृती या गडाशी जोडलेली आहे. त्यांनी ज्या नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये देह ठेवला, ती इथून दूर नाही. गडावरच्या माणसांना आपण कोणत्या मातीवर उभे आहोत, हे सांगावे लागत नव्हते. सामानगडापाठोपाठ गारगोटीजवळच्या भुदरगडानेही दरवाजे लावले.

बेळगावाहून फौज निघाली. एखादी पलटण दिसली की गडकरी खाली उतरतील, असा सरकारी अंदाज होता. तो चुकला. सामानगड पडायला १३ ऑक्टोबर उजाडला. तीन महिने हा बुटका गड साम्राज्याच्या फौजेला पुरून उरला, आणि या तीन महिन्यांत उठावाचे रूप पालटले. सुरुवातीला तो दोन किल्ल्यांच्या शिबंदीचा जमिनीचा तंटा होता. ऑक्टोबरपर्यंत तो कोल्हापूर शहरात पोचला. तिथल्या सैनिकांनी बाबाजी अहिरेकर यांच्या पुढाकाराने सत्ता हाती घेतली आणि दाजी पंडितांना कैद केले. सरकारने नेमलेला कारभारी तुरुंगात, आणि राजधानीत बंडवाल्यांचा कारभार, अशी अवस्था झाली.

याच सुमारास बंडवाल्यांच्या हाती एक मोठा कैदी लागला. कर्नल ओव्हान्स. सातारच्या प्रतापसिंह छत्रपतींना १८३९ मध्ये गादीवरून काढले, तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट हाच होता. त्याला पन्हाळ्यावर नेऊन ठेवले. या घटनेचा खरा अर्थ उलगडायला प्रतापसिंहांचे प्रकरण आठवावे लागते. पदच्युत झाल्यावर महाराजांनी तलवार उचलली नाही. त्यांनी अर्जाचा मार्ग धरला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे दाद मागत राहिले. ज्या वर्षी ओव्हान्स पन्हाळ्यावर कैदेत होता, त्या वर्षीही रंगो बापूजी लंडनमध्येच होते. पुढे १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. गडकऱ्यांनी सनदशीर मार्गाने का गाऱ्हाणे मांडले नाही, असा प्रश्न आज कोणी विचारील, तर त्याचे उत्तर यात आहे. सनदशीर मार्गाने गेलेल्या छत्रपतीचे काय झाले, हे सगळा महाराष्ट्र पाहत होता. जिथे राजाचा अर्ज ऐकला जात नाही, तिथे पहारेकऱ्याने अर्ज कोणाकडे करावा?

नोव्हेंबरमध्ये भुदरगड पडला. जनरल डेलामॉटच्या फौजेने पन्हाळ्याला वेढा घातला. ओव्हान्सची सुटका झाली. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तटाला खिंडार पडले आणि पन्हाळा व शेजारचा पावनगड एकाच दिवशी इंग्रजांच्या हाती गेले. बाबाजी अहिरेकर लढता लढता पडले. ज्या पन्हाळ्यावरून १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून निसटले, जिथे १७१० मध्ये ताराबाईंनी कोल्हापूरच्या गादीचे आसन मांडले, तो गड असा पडला. त्याच्या पडझडीची आठवण आजही त्याच्या तटावर आहे, फक्त ती कोणत्या वर्षीची आहे हे तिथे फिरायला गेलेल्यांना कोणी सांगत नाही.

इतक्यात आग घाट उतरून कोकणात गेली होती. सावंतवाडीत फोंड सावंत तांबुळकर आपल्या मुलांसह उठले. कुडाळच्या बाजूला शिवापूरजवळ मनोहरगड आणि मनसंतोषगड हे जोडकिल्ले आहेत, मध्ये अरुंद फट आणि भोवती दाट रान. आग्र्याहून सुटून आल्यावर शिवाजी महाराज काही दिवस मनोहरगडावर राहिले होते, असे सांगतात. तिथले गडकरी उठावात सामील झाले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेब हेही बंडवाल्यांना जाऊन मिळाले. बाप नावाला गादीवर इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि मुलगा रानात बंडवाल्यांबरोबर. गादी आणि सत्ता यांची फारकत म्हणालो, ती इथे एका घरात उतरली.

या मोहिमेवर इंग्रजांनी जेम्स औट्रमला पाठवले. हा तोच औट्रम, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली आणि जो पुढे सत्तावनात लखनौला गाजला. रानातली लढाई कशी लढतात हे कंपनीच्या फौजेत त्याच्याइतके जाणणारे थोडे होते. तरीही त्याला सह्याद्रीच्या कड्यांवर वाट काढायला आठवडेच्या आठवडे लागले. १८४५ च्या जानेवारीअखेर मनोहर-मनसंतोष त्याच्या हाती आले, पण गडावरची प्रमुख मंडळी त्याआधीच निसटून पोर्तुगिजांच्या हद्दीत, गोव्यात गेली होती. इंग्रजांनी त्यांना ताब्यात मागितले. गोव्याचे गव्हर्नर पेस्ताना यांनी ते देण्यास नकार दिला. युरोपातल्या दोन राज्यांमधला हा वाद पुढे बराच काळ चालला, आणि त्यामुळे सावंतांची बंडवाली पिढी जिवंत राहिली. १८५८ मध्ये कारवारच्या उत्तरेच्या रानांत जो उठाव झाला, त्यात हेच सावंत पुन्हा दिसतात. अण्णासाहेबांना पुढे माफी मिळाली. १८६७ मध्ये ते गादीवर बसले आणि दोनच वर्षांत वारले.

इतकी हकिगत झाली. आता तिचे काय करायचे, हा प्रश्न आहे.

हा उठाव फुटून निघण्याचा होता का? इंग्रजांच्या लेखी होता. त्यांच्या राज्यातला, त्यांच्या ताब्यातला मुलूख हातचा जाऊ पाहत होता. पण गडकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर फुटले होते सरकार. त्यांनी नवे राज्य मागितले नाही, नवा राजा मागितला नाही. त्यांनी कोल्हापूरच्या आणि सावंतवाडीच्या गादीचेच नाव घेतले. त्यांना जुना करार पाळला जायला हवा होता, आणि तो मोडणाऱ्या सत्तेचा अंमल आपल्या डोंगरावर नको होता. माझ्या मते ही मागणी त्या काळातल्या कोणत्याही राजकीय मागणीइतकीच गंभीर होती. राज्य हे देवाणघेवाणीने उभे राहते, एका बाजूने ते नाते बदलता येत नाही, हे राज्यशास्त्राचे तत्त्व त्यांनी पुस्तकातून शिकले नव्हते. ते त्यांच्या जगण्यातून आले होते.

त्यांची बाजू घेताना मला त्यांच्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा नाही. गडकऱ्यांच्या जमिनी कसणारी कुळे होती, त्यांच्यावर वेठ होती. उठावाच्या काळात बंडवाल्यांनी गावोगावी वसुली केली, आणि ती सगळी खुशीने दिली गेली असे मानणे खोटेपणाचे होईल. गडाच्या घेऱ्यात पहारा देणाऱ्या महार-रामोश्यांना त्या जुन्या व्यवस्थेने मान दिला, पण गडाच्या सदरेवर जागा दिली नाही. हे सगळे खरे आहे. तरीही एक प्रश्न उरतो. दोन किल्ल्यांच्या तक्रारीला शहर, फौज, कोकणातले गाव आणि एक युवराज इतके सगळे का येऊन मिळाले? कारण गडकऱ्यांची भीती ही एकट्या गडकऱ्यांची नव्हती. इनामदार, वतनदार, शिपाई, ज्याचा ज्याचा हक्क जुन्या राज्याच्या कागदावर होता, त्या प्रत्येकाला आपला कागदही उद्या असाच फाटेल असे वाटत होते. आणि तसे झालेही. पुढे १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याचे अधिकार मिळाले आणि हजारो इनामे जप्त झाली. १८४४ चा धडा सरकारने वाचला, पण उलटा वाचला. गडकऱ्यांचा प्रतिकार मोडता येतो, एवढेच त्यातून त्याने घेतले. १८५७ च्या जुलैत कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली, महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला हद्दपारी भोगावी लागली, आणि १८५८ मध्ये नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. दक्षिण महाराष्ट्रातली ही साखळी सामानगडाच्या दरवाजापासून सुरू होते.

श्रोतेहो, आता मुंबईकडे येतो. १८४४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉर्ज आर्थर. या माणसाचे चरित्र कोवळ्या साम्राज्याचा नकाशाच आहे. १८२४ ते १८३६ तो ऑस्ट्रेलियाजवळच्या व्हॅन डायमेन्स लँड बेटाचा, म्हणजे आजच्या टास्मानियाचा, गव्हर्नर होता. तिथल्या मूळ रहिवाशांना एका कोपऱ्यात कोंडण्यासाठी १८३० मध्ये त्याने दोन हजारांहून अधिक माणसांची साखळी बेटभर चालवली. तिथून तो गेला कॅनडाला. अपर कॅनडा प्रांतात डिसेंबर १८३७ मध्ये शेतकरी आणि कारागिरांनी सरकारविरुद्ध बंड केले होते. ते मोडल्यावर आर्थर तिथे पोचला. सॅम्युअल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज या दोन पुढाऱ्यांना दया दाखवावी म्हणून हजारो सह्यांचे अर्ज आले. आर्थरने ते नाकारले आणि १२ एप्रिल १८३८ रोजी टोरांटोमध्ये दोघांना फाशी झाली. तिथून पुढे तो मुंबईला आला, आणि त्याच्याच कारकिर्दीत गडकऱ्यांवर फौजा गेल्या.

एका माणसाने दोन दूरच्या प्रांतांतल्या उठावांचा निकाल लावण्याचे काम पाहिले. पण पुढे त्या दोन प्रांतांना साम्राज्याने जी उत्तरे दिली, ती शेजारी ठेवून पाहा. कॅनडातल्या बंडाची चौकशी करायला ब्रिटनने लॉर्ड डरहॅमला पाठवले. त्याने १८३९ मध्ये दिलेल्या अहवालात सांगितले की या लोकांना आपल्याला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ द्या. १८४८ पर्यंत तिथे तसे सरकार आलेही. कोल्हापुरात काय झाले? किल्ल्यांचे तट पाडले, गडकऱ्यांची वंशपरंपरेची चाकरी संपवली, लोकांची शस्त्रे काढून घेतली, आणि उठाव मोडण्याचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच माथी मारला. संस्थान ते कर्ज वर्षानुवर्षे फेडत राहिले. एकाच साम्राज्याने एका प्रांताच्या बंडाला संवादाने उत्तर दिले आणि दुसऱ्याच्या बंडाला बिलाने. एका ठिकाणी स्वतःच्या रक्ताची माणसे होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती, हा भेद झाकण्यात अर्थ नाही. पण डरहॅमसारखा कोणी सह्याद्रीत येऊन गडकऱ्याला त्याचे म्हणणे विचारू शकला असता, हेही तितकेच खरे आहे. तो मार्ग त्या काळी अस्तित्वात होता. इथे तो वापरला गेला नाही.

याच मुंबई इलाख्यात, याच गव्हर्नरच्या काळात, त्याच १८४४ साली आणखी एक लोकक्षोभ झाला. मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, तेव्हा सुरत शहर रस्त्यावर आले. दुकाने बंद झाली, हजारोंचा जमाव निघाला. तिथे सरकारला वाढीव करात माघार घ्यावी लागली. सुरत हे बंदर होते, पेढ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव होते. ते बंद राहिले तर इलाख्याची तिजोरी हलत होती. सामानगड बंद राहिला तर तिजोरीला त्याची खबरही लागणार नव्हती. सरकारने कोणाचे ऐकले आणि कोणावर तोफा लावल्या, हे या एका वर्षातच स्पष्ट दिसते.

मग मुंबईतले आपले लोक तेव्हा काय करत होते? ते जागे होते. बाळशास्त्री जांभेकर, ज्यांचे पोंभुर्ले गाव त्याच दक्षिण कोकणातले, त्यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून मराठी माणसाला छापलेला शब्द दिला होता. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ पासून निघत होते. त्याच वर्षी भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी बॉम्बे गॅझेटमध्ये टोपणनावाने पत्रे लिहून कंपनीच्या राज्याने हा देश कसा लुटला जातो आहे, हे इंग्रजांना त्यांच्याच भाषेत सुनावले होते. पुढे १८५२ च्या ऑगस्टमध्ये, याच गिरगावात ज्यांचा वाडा होता त्या नाना शंकरशेटांनी आणि मांद्र्याहून आलेल्या डॉ. भाऊ दाजींनी इतरांसह बॉम्बे असोसिएशन स्थापन केली आणि ब्रिटिश पार्लमेंटकडे या देशाचे गाऱ्हाणे पाठवले. लेखणी, छापखाना, सभा, अर्ज ही साधने या शहरात तयार होत होती. गडकऱ्यांकडे यांतले काहीच नव्हते. त्यांच्याकडे दरवाजा होता, तो त्यांनी लावला.

शहराची लेखणी आणि डोंगराची तलवार एकाच दशकात, एकाच सत्तेविरुद्ध, एकमेकींपासून तुटलेल्या राहिल्या. एकीला वाचा होती, पण मुलूख नव्हता. दुसरीला मुलूख होता, पण वाचा नव्हती. त्या दोन्हींची गाठ पडायला या महाराष्ट्राला आणखी अर्धे शतक लागले. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, वर्तमानपत्र वाचणारा आणि चाळीत राहणारा गावाकडचा माणूस एका मांडवाखाली आला, आणि टिळकांच्या राजकारणाला पाय फुटले. स्वातंत्र्याची चळवळ लोकांची झाली ती अशा गाठी पडल्यावर. १८४४ मध्ये ती गाठ नव्हती, म्हणून गडकरी एकटे पडले. त्यांच्या पराभवाचे हे कारण मला त्यांच्या तोफांच्या कमतरतेपेक्षा मोठे वाटते.

यातून आजच्यासाठी मी जे घेतो ते सांगून थांबतो. आपण आज लोकशाहीत आहोत, आणि कंपनीचे राज्य व आपले राज्य यांत मूलभूत अंतर आहे. मते देऊन सरकार बदलण्याची ताकद आपल्याकडे आहे, म्हणून आज शस्त्राला समर्थन नाही. पण धरणासाठी, खाणीसाठी, अभयारण्यासाठी, रस्त्यासाठी दूरच्या तालुक्यातल्या माणसाचा जमिनीशी असलेला करार बदलायची वेळ येते, तेव्हा मुंबईत बसून निर्णय घेणाऱ्यांपुढे तोच प्रश्न उभा असतो, जो दाजी पंडितांपुढे होता. सुधारणा कितीही रास्त असो, ज्याचे आयुष्य ती बदलणार आहे त्याला आधी विचारले का? त्याचे उत्तर ऐकून आराखडा बदलायची तयारी आहे का? ही तयारी नसेल तर राज्य कायद्याने कितीही भक्कम असले, तरी त्या माणसाच्या लेखी ते परकेच राहते.

आणि दुसरे काम तुमच्या-माझ्या हातचे आहे. या उठावाची आज उपलब्ध असलेली हकिगत बव्हंशी तो मोडणाऱ्यांच्या लेखणीतून आलेली आहे. सेनापतींचे खलिते, एजंटांचे अहवाल, मेजर ग्रॅहमचा १८५४ चा कोल्हापूरवरील अहवाल, पुढची गॅझेटियरे. त्यांत नायकांची नावे येतात ती बंडखोर म्हणून. दुसरी बाजू कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या मोडी रुमालांत आहे, आणि घराघरांतल्या पेट्यांत आहे. सावंतवाडी, कुडाळ, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज या भागांतली कितीतरी कुटुंबे या शहरात आहेत, त्यांची ग्रामस्थ मंडळे आहेत. माझी त्यांना विनंती आहे. गावच्या घरात जुनी सनद, वहिवाटीचा कागद, गडावरच्या चाकरीचा दाखला, एखादी वंशावळ असेल तर ती फेकू नका, वाळवीला देऊ नका. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, तिची छायाप्रत पुराभिलेखागाराला द्या. मुंबईतच काळा घोडा इथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. ज्या राजधानीने तुमच्या पूर्वजांवर फौज पाठवली, तिच्याच दप्तरात तुमच्या पूर्वजांचा शब्द दाखल करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

गडकऱ्यांची मागणी त्यांच्या हयातीत कोणी नोंदवून घेतली नाही. ते काम १८० वर्षे राहून गेले आहे. ते आपण सुरू करू, आणि या व्याख्यानमालेनेच त्यात पुढाकार घ्यावा, असे मी संयोजकांना सुचवतो. त्यासाठी माझ्याकडून लागेल तेवढा वेळ मी देईन.